टायर बदलताना अलॉयला टवका गेला? या चुका टाळा

नवे टायर टाकून गाडी घरी जाते, रविवारी धुताना मालकाचं लक्ष चाकाकडे जातं आणि आमच्या रिम दुरुस्तीच्या दुकानात फोन वाजतो. "दादा, रिमला चर पडलीय, किती घ्याल?" चर कशी पडली हे मला बघायचीही गरज नसते. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

कोरडा टायर जोरात चढवणं. माझा सगळ्यात जास्त राग या चुकीवर. टायरच्या कडेत, म्हणजे बीडमध्ये, पोलादी तार असते. ती ताणली जात नाही, कितीही ओढा. रिमच्या पोटात मात्र एक खोलगट पन्हळ असते. पलीकडच्या बाजूची बीड त्या पन्हळीत दाबून धरली की अलीकडे तेवढी ढील मिळते आणि टायर निमूट चढतो. ती धरली नाही की बीड वर अडकते, टायर चढवायचं मशीन ओढतच राहतं, आणि मशीनचं डोकं रिमच्या कडेवर घासत फिरतं. मग पोरगं वरून टॉमी, म्हणजे टायर उचकटायची लोखंडी पट्टी, घालतं. टॉमी सटकली की टवका गेलाच.

पन्हळ बहुतेक रिममध्ये दर्शनी बाजूच्या जवळ असते, म्हणून चाक तोंड वर करून लावतात. काही रिममध्ये ती मागच्या बाजूला असते, तिथे टायर मागूनच चढवावा लागतो. हे बघायला पाच सेकंद लागतात. पण महिनाभर दुकानात काढलेल्या पोराला पायाखालचं पेडल दाबायची घाई.

साबणाचं घट्ट पाणी दोन्ही बीडना आणि रिमच्या कडेला ब्रशने लावायचं. फडक्याने नुसतं पुसल्यासारखं करायचं नाही. इंजिन ऑईल आणि ग्रीस तर अजिबात नको. त्याने रबर खराब होतं, वर ब्रेक मारल्यावर टायर रिमवर सरकतो आणि केलेलं बॅलन्सिंग वाया जातं. टायर बुटका असेल, म्हणजे ४५ किंवा त्याखालच्या प्रोफाइलचा (भिंतीची उंची रुंदीच्या ४५ टक्के किंवा कमी), तर त्याची भिंत कडक असते. तिथे मदतनीस हात असलेलं मशीन नसेल तर गाडी दुसऱ्या दुकानात न्या, लाजू नका.

मशीनच्या डोक्यावर आणि जबड्यांवर प्लास्टिकची आवरणं असतात. झिजली की लोखंड थेट अलॉयवर. चाक मशीनवर चढण्याआधी तुम्हीच वाकून बघा.

दर्शनी बाजू खाली करून चाक सिमेंटवर टाकणं. खाली गोणपाट टाकायला काय जातं?

हवेच्या प्रेशरचा सेन्सर विसरणं. व्हॉल्वच्या आतल्या बाजूला तो बसलेला असतो. व्हॉल्वजवळ बीड फोडली, म्हणजे दाबून रिमपासून सोडवली, की तो तुटतो.

बीड बसत नाही म्हणून हवा भरतच राहणं. ४० पीएसआयच्या आत टायर बसला नाही तर हवा सोडा, साबण लावा, पुन्हा भरा. आणि चाकावर ओणवं राहू नका.

चांदीचा स्प्रे मारून झाकणं. ही चूक जरा सविस्तर सांगतो. साताऱ्याकडची एक क्रेटा आली होती, १७ इंची डायमंड कट अलॉय, म्हणजे दर्शनी बाजू लेथवर कापून चकाकती केलेलं. टायरवाल्याकडून टॉमी सटकली, त्याने तिथल्या तिथे स्प्रे मारून दिला, मालकही खूश. मग हवा कमी व्हायला लागली. आधी पंधरवड्याला, पुढे दर दोन दिवसांनी. पंक्चरवाल्याने व्हॉल्व बदलला. दुसऱ्याने आत सीलंट ओतलं. तिसऱ्याने ट्यूब टाका म्हणून सांगितलं, तेव्हा मालकाला शंका आली.

आम्ही चाक पाण्यात बुडवलं तर बुडबुडे बीडच्या कडेने. टायर उतरवल्यावर आत सीलंटचा नुसता चिखल. बीड जिथे टेकते तिथे टॉमीची खाच, खाचेच्या दोन्ही काठांना वर आलेला धातू आणि त्यावर सोललेला चांदी रंग. कानशीने काठ सपाट केले, रंग पॉलिश पेपरने हाताने काढला, बीड सीलर लावून टायर पुन्हा बसवला. काम संपलं. खाच खोल असती तर रिम बदलायला सांगितलं असतं. तिथे एम-सील भरणारेही भेटतात, त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

तेव्हा ओरखडा दिसला की आधी तो कुठे आहे ते बघा. बाहेरच्या तोंडावर असेल तर नख फिरवा. नख अडकत नसेल तर जखम क्लिअर कोटपुरती, म्हणजे वरच्या पारदर्शक थरापुरती आहे, पॉलिशने भागतं. अडकत असेल तर ३२०, मग ६०० चा पेपर, पुट्टी, प्रायमर, रंग, क्लिअर, आणि प्रत्येक थराला वाळायला वेळ. अर्ध्या तासात गाडी हवी असेल तर माझ्याकडे आणूच नका.

डायमंड कट चाक या पद्धतीने हुबेहूब जुळत नाही. ते लेथवर चढवून पातळ थर कापावा लागतो. दर वेळी धातू कमी होतो, त्यामुळे हे एक-दोनदाच जमतं. पण उघडी जखम "पुढच्या महिन्यात बघू" म्हणून ठेवू नका. पाणी क्लिअर कोटखाली शिरतं आणि पांढऱ्या अळ्यांसारख्या रेषा पसरतात, कोकणातल्या खाऱ्या हवेत तर फारच लवकर. निदान घरातली बिनरंगी नेलपॉलिश तरी लावा.

भेगेला आर्गन वेल्डिंग. अलॉय उष्णतेची प्रक्रिया करून कडक केलेलं असतं. वेल्डिंगच्या आचेने तो भाग मऊ पडतो. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे आणि तिथे असं चाक पुढे लावून जाणारे मी पाहिलेत. स्टेपनीलाही मी ते ठेवणार नाही.

भांडणाचं म्हणाल तर गाडी आत घेण्याआधी चारही चाकांचे फोटो काढा, आणि ओरखडा दिसला की पैसे देण्याआधी बोला. घरी गेल्यावर "ते आधीपासूनच होतं" एवढंच ऐकायला मिळतं. नट गनने नुसते घट्ट करून देत असतील तर थांबवा. आधी हाताने, मग समोरासमोरचे आळीपाळीने, शेवटी गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्यावर टॉर्क पान्याने. ५० ते १०० किलोमीटर झाले की तोच पाना पुन्हा एकदा फिरवायचा.