लिहिताना आपण दुसरंच कोणीतरी होतो, ते कसं थांबवायचं

फोनवर बहिणीशी तासभर मस्त गप्पा मारणारा माणूस लिहायला बसला की "त्या प्रसंगी माझे अंतःकरण भरून आले" असलं काहीतरी लिहितो, आणि हे मी स्वतः कित्येक वर्षं केलंय. शाळेतल्या निबंधाची सवय आहे ती. आपला आवाज बोलताना रोज आपल्याकडे असतोच, कागदावर येईपर्यंत तो पुसला जाऊ नये एवढंच बघायचं असतं. मला ज्याचा उपयोग झाला ते सांगतो.

सगळ्यात आधी, लिहूच नका. सांगा. मोबाईलचा रेकॉर्डर चालू करा आणि जी गोष्ट लिहायचीय ती एका ठरावीक माणसाला सांगतोय असं समजून सांगा, मावशी, जुना मित्र, कोणीही चालेल पण एकच माणूस, कारण "वाचकहो" म्हटलं की लगेच भाषण सुरू होतं. पाच-सात मिनिटं पुरतात. मग ऐकत ऐकत जसंच्या तसं उतरवून काढा, "म्हणजे कसं", "अगं ऐक ना" सगळ्यासकट. व्हॉइस टायपिंग मराठीत चालतं, पण बोलीतले शब्द बऱ्याचदा बदलून टाकतं, म्हणून मी हातानेच उतरवतो, वेळ लागला तरी.

आता त्यात गोळाबेरीज वाक्यं शोधा. गोळाबेरीज म्हणजे असं वाक्य जे कोणाच्याही घरात खपून जाईल. माझे वडील पिठाची गिरणी चालवायचे. त्यांच्याबद्दल पहिल्यांदा लिहिलं तेव्हा माझं पहिलं वाक्य होतं, "माझे वडील अत्यंत कष्टाळू होते." खोटं काहीच नाही, पण यात माझे वडील कुठे आहेत? मग तेच एकदा बोलून बघितलं तर असं आलं: पप्पा घरी यायचे तेव्हा भुवया पांढऱ्या असायच्या, आई दारातूनच म्हणायची आधी झटकून या, आणि जेवताना पण ते इतक्या मोठ्यानं बोलायचे की पाहुण्यांना वाटायचं भांडण चाललंय, दिवसभर पट्ट्याच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय होती ना. कष्ट हा शब्द यात एकदाही आला नाही. प्रत्येक गोळाबेरीज वाक्याला स्वतःच एक प्रश्न विचारा, "हे मला कशावरून कळलं?" जे उत्तर येईल ते लिहा आणि मूळ वाक्य काढून टाका.

घरातले शब्द घाबरून बदलू नका, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आमच्याकडे खानदेशात ज्वारी आणि उडीद एकत्र दळून, पिठात मीठ घालून जी भाकरी करतात ती कळण्याची भाकरी. मी एकदा पुण्या-मुंबईच्या लोकांना कळावं म्हणून "मिश्र धान्याची भाकरी" लिहिलं आणि आईनं वाचून विचारलं, ही कुठली रे? तिची भाकरी तिलाच ओळखू आली नाही. तेव्हापासून मी शब्द तोच ठेवतो, आणि आजूबाजूचं वाक्य असं लिहितो की नवीन माणसालाही अंदाज येईल.

याबाबतीत बहिणाबाई चौधरींचं उदाहरण माझ्या कायम डोळ्यासमोर असतं. जळगावजवळच्या असोद्याच्या, जन्म 1880 चा, लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात आणि घरात काम करता करता सुचायचं ते म्हणायच्या, घरच्यांनी ते उतरवून ठेवलं, आणि 1951 मध्ये त्या गेल्यावर मुलगा सोपानदेव आणि आचार्य अत्रे यांच्यामुळे 1952 मध्ये पुस्तक निघालं. जात्याला त्या घरोट म्हणतात आणि छापतानाही तो घरोटच राहिला. कोणीतरी "शुद्ध" करायला बसलं असतं तर काय उरलं असतं, विचार करून बघा.

मग मोठ्यानं वाचा, मनात नाही. जिथं जीभ अडखळते किंवा "हे मी कधी बोलेन का?" असं वाटतं तिथं खूण करा. सदर, प्रस्तुत, अविस्मरणीय, सुप्त गुण असले शब्द बहुतेक इथंच सापडतात. एआयकडून लेख सुधारून घेणार असाल तर शुद्धलेखनापुरताच घ्या, वाक्यं त्याला गुळगुळीत करू देऊ नका.

आणि खरं लिहायचं म्हणजे सगळंच सांगायचं असं नाही. भावाचं कर्ज, बहिणीचं दुखणं, या गोष्टी त्यांच्या आहेत, लिहायच्या आधी त्यांना विचारा. नको म्हणाले तर विषय बंद. नाव बदलून भागत नाही, गावात सगळ्यांना कळतं.

शेवटी, रेकॉर्ड करताना जो माणूस डोळ्यासमोर धरला होता, त्यालाच वाचायला द्या. "कसं झालंय?" विचारू नका, सगळे छान म्हणतात. विचारा, "कुठं मी बोलतोय असं वाटलं नाही?" तो ज्या ओळीवर बोट ठेवेल ती खोडा आणि तेवढाच भाग परत रेकॉर्डरला सांगा.