घरात म्हातारं माणूस असेल तर १०८ ची तयारी आधीच करून ठेवा

१०८ म्हणजे रुग्णवाहिका बोलावायचा नंबर. तो लावला की फोन उचलला जातो तो पुण्यात. ही सेवा राज्यात २०१४ साली सुरू झाली आणि अख्ख्या महाराष्ट्राचे फोन तिथल्या केंद्रात जातात. पलीकडच्या माणसाला तुमचं गाव माहीत नसतं. त्यात खैरी, वडगाव, पिंपळगाव, सावंगी या नावांची गावं विदर्भात जिकडेतिकडे आहेत. नुसतं "खैरीहून बोलतो, लवकर गाडी पाठवा" म्हटलं तर पुढची दोन-तीन मिनिटं कोणती खैरी यातच जातात.

गाडी किती लांबून येईल हे आपल्या हातात नाही. पण खेड्यात खरा वेळ जातो तो गाडी बोलावण्याआधी. "सकाळपर्यंत पाहू", "पोराला फोन करून विचारू", "आधी थोडं मालिश करून पाहू" यातच माणूस हातचा जातो. हा वेळ नक्की वाचवता येतो, म्हणून हे लिहितो आहे.

आजच करायची कामं

एक जाड पुठ्ठा घ्या आणि मार्करने मोठ्या अक्षरात लिहा: १०८. खाली गाव, ग्रामपंचायत, तालुका, जिल्हा, जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि डांबरी रस्त्यावरून घराकडे वळायची खूण, म्हणजे फाटा, शाळा, मारुतीचा पार, जे असेल ते. त्याखाली आशाताईचा नंबर आणि गावात ज्याच्याकडे चारचाकी आहे त्याचा नंबर. पुठ्ठा आजीच्या नजरेच्या उंचीवर भिंतीला लावा. पोरं पुण्या-मुंबईला आणि घरी दोघंच म्हातारी, अशी घरं आता गल्लोगल्ली आहेत. तिथे ही चिठ्ठी वाचून दाखवणारा बहुतेक शेजारीच असणार, म्हणून शेजाऱ्यालाही ती कुठे आहे हे दाखवून ठेवा.

दुसरं काम गोळ्यांच्या पिशवीचं. दुकानदार पाकीट कापून चार गोळ्या देतो आणि नेमकं नाव छापलेला तुकडा दुकानातच राहतो. मग दवाखान्यात "बीपीची पांढरी गोळी" एवढंच सांगता येतं. एक पूर्ण पाकीट तरी जपून ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती कागदावर वेगळी लिहा, कारण डॉक्टर सगळ्यात आधी तेच विचारतात. सोबत जुना ईसीजी, शुगरचे रिपोर्ट, आधार कार्ड, रेशन कार्ड.

आणि एकदा बाज उचलून पाहा. दारातून निघते का? बोळीतून रस्त्यापर्यंत जाते का? पावसाळ्यात पांदण चिखलाने भरली की गाडी घरापर्यंत येत नाही. मग माणसाला बाजेवरच डांबरी रस्त्यापर्यंत न्यावं लागतं. कोण चार जण उचलतील हे आधीच बोलून ठेवा.

फोन कधी लावायचा

तोंड एकीकडे वाकडं झालं, एक हात उचलत नाही, बोलणं अडखळतं, यातलं एक जरी अचानक दिसलं तरी तो लकवा समजा आणि लगेच १०८ लावा. मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सिटीस्कॅन हवा. घड्याळ पाहून लिहून ठेवा: आबा शेवटचे धड केव्हा होते. झोपेतून उठले आणि तोंड वाकडं दिसलं, तर उठल्याची वेळ धरू नका, रात्री झोपले तेव्हाची वेळ सांगा. लकव्यात पाणी, चहा, गोळी काहीच पाजू नका. गिळता येत नसतं, ते श्वासनळीत जातं.

हार्ट अटॅक म्हातारपणी, विशेषतः शुगर असलेल्यांना, छातीत न दुखताही येतो. एकदम घाम, दम लागणं, जीव घाबरा होणं, मळमळ. "गॅस झाला असेल" म्हणून सोडा पाजत बसू नका. टेकवून बसवा, चालवू नका. कुठली गोळी द्यायची ते फोनवरच विचारा.

पडल्यावर एक पाय आखूड दिसतो आणि बाहेरच्या बाजूला वळलेला असेल तर खुब्याचं हाड मोडलेलं असू शकतं. ओढायचं नाही, चोळायचं नाही, उभं करून पाहायचं नाही. हाड बसवणाऱ्याकडे नेण्याची घाई तर अजिबात नको.

नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, उष्माघाताकडे डोळ्यात तेल घालून पाहा. म्हाताऱ्यांना तहान कमी लागते आणि बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी वाढून शरीरातलं पाणी अजून कमी होतं. अंग तापलेलं आणि माणूस बरळायला लागला, की १०८ लावा आणि लगेच अंग गार करायला घ्या. सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर ओली चादर टाका, कूलर किंवा पंखा लावा. काख, मान, जांघेत ओले फडके ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात थेंबही नको.

फोनवर काय बोलायचं

रडत-ओरडत नको, पुठ्ठा वाचा. "पेशंट बाई, वय बहात्तर. अर्ध्या तासापासून उजवा हात उचलत नाही, बोलता येत नाही. शुद्धीवर आहे. गाव अमुक, तालुका अमुक, जिल्हा अमुक, फाट्यावर माणूस उभा आहे." समोरचा ठेवल्याशिवाय फोन ठेवू नका आणि नंतर तो दुसऱ्या बोलण्यात अडकवू नका, ड्रायव्हर त्याच नंबरवर फोन करतो. पुण्याच्या पोराला दुसऱ्या फोनवरून कळवा. एकाला बॅटरी घेऊन फाट्यावर धाडा. सेवा फुकट आहे आणि गाडीत डॉक्टर असतात, त्यांना पिशवी दाखवा.

गाडी फार उशिरा येणार असं कळलं तर गावातली चारचाकी काढा आणि तसं १०८ ला कळवा. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेणं मात्र टाळा.

दवाखान्यात

लकव्याच्या पेशंटसाठी पहिला प्रश्न: इथे सिटीस्कॅन आहे का? नसेल तर पुढे कुठे पाठवता? नागपूर, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया इथे सरकारी मेडिकल कॉलेज आहेत, वर्ध्याजवळ सेवाग्रामचा मोठा दवाखाना आहे. सोबत तोच माणूस जावा ज्याने झटका येताना पाहिलं, मग तो घरातला धाकटा का असेना.

सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. त्यात वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचा खर्च आहे. २०२४ पासून ही सोय आहे, तरी आधार कार्ड घेऊन सेतूवर किंवा आशाताईकडे कुणी गेलेलंच नसतं. या आठवड्यात जा, आणि कार्ड आलं की गोळ्यांच्या पिशवीतच टाका.