स्पेनमध्ये जेवायचं कधी? नव्याने आलेल्यांनी या चुका टाळा

माद्रिदला आलेल्या आपल्याकडच्या बहुतेकांचे पहिले काही दिवस सारखेच जातात. दुपारी साडेबाराला भूक लागते, तेव्हा बारमध्ये लोक उभ्याने कॉफी पीत असतात. संध्याकाळी सातला रेस्टॉरंटचं दार उघडं दिसतं, पण स्वयंपाकघर साडेआठनंतर सुरू होईल असं कळतं. माझे आईबाबा नाशिकहून आले तेव्हा पहिल्याच संध्याकाळी हे घडलं. बाबांना मधुमेह आहे, गोळी घेऊन झाली होती आणि समोर जेवण नव्हतं. तेव्हापासून इथे येणाऱ्या प्रत्येकाला मी हे सगळं आधीच सांगते.

पहिली चूक म्हणजे फक्त रात्रीचं जेवण पुढे ढकलणं. रात्री नऊला जेवायची आपल्याला सवय असते, त्यामुळे जमेल असं वाटतं. पण इथे सगळा दिवसच वेगळा बेतलेला आहे. सकाळी कॉफी आणि टोमॅटोचा गर व ऑलिव्ह तेल लावलेला भाजका पाव, बस्स. साडेदहा-अकराला दुसरी न्याहारी. वालेन्सियात तर ही न्याहारी मोठ्या हौसेची असते, हातभर पावात ऑम्लेट किंवा मांस भरून. दोन ते साडेतीनच्या दरम्यान 'कोमीदा', म्हणजे दिवसातलं मुख्य जेवण. सहाच्या सुमारास 'मेरिएन्दा', आपलं मधल्या वेळचं खाणं. आणि नऊ-दहाला रात्रीचं, पण घरोघरी ते हलकंच असतं: सूप, सॅलड, एखादं ऑम्लेट. आपण सकाळी पोटभर पोहे खातो, दुपारी डबा आणि रात्री पोळी-भाजी-वरण-भात. तेच ताट रात्री दहाला वाढून घेतलं की झोपेचं खोबरं होतं. मुख्य जेवण दुपारी करा आणि अकराचं व सहाचं खाणं चुकवू नका. बाकीचं आपोआप रुळतं.

या वेळांमागचं कारण समजलं की त्या विचित्र वाटत नाहीत. जिथून जगाची वेळ मोजतात ती ग्रिनिचची रेखा स्पेनमधूनच जाते, कास्तेयोन शहराजवळून. म्हणजे इथलं घड्याळ लंडनबरोबर चालायला हवं. पण 1940 मध्ये हुकूमशहा फ्रँकोच्या सरकारने ते एक तास पुढे केलं आणि पुन्हा मागे घेतलंच नाही. उन्हाळ्यात त्यात आणखी एका तासाची भर पडते. त्यामुळे जूनमध्ये माद्रिदला सूर्य डोक्यावर येतो तो सव्वादोनच्या सुमारास आणि मावळतो पावणेदहाला. सूर्याच्या हिशेबाने अडीचचं जेवण म्हणजे भर मध्यान्हीचं जेवण. आमच्या आजीची वेळ तीच होती. हे सांगितल्यावर आईची तक्रार थांबली.

दुपारी बाहेर जेवताना मेनूकार्डावरचा एकच पदार्थ मागवणं ही महागात पडणारी चूक. आठवड्याच्या कामाच्या दिवसांत 'मेनू देल दीया', म्हणजे त्या दिवसाचं ठरावीक किमतीचं जेवण, विचारा. त्यात पहिला पदार्थ, दुसरा पदार्थ, शेवटी गोड किंवा कॉफी, सोबत पाव आणि पेय असतं. पर्यटकांसाठी ठरावीक किमतीचं जेवण ठेवायचा नियम 1960 च्या दशकात सरकारने आणला, त्यातून ही पद्धत रुजली. दोनच्या सुमारास पोहोचा. पावणेचारला गेलात तर बरेच पदार्थ संपलेले असतात. पाण्यासाठी 'आग्वा देल ग्रीफो' म्हणा. 2022 च्या कायद्यानुसार नळाचं पाणी फुकट द्यावंच लागतं.

शाकाहारी मंडळींनी मात्र इथे नीट लक्ष द्यावं. 'सिन कार्ने', म्हणजे मांस नको, एवढंच सांगून भागत नाही. अनेकांच्या बोलण्यात 'कार्ने'मध्ये मासा येत नाही, आणि हामोन, म्हणजे डुकराच्या मांडीचं खारवलेलं मांस, हेही कधीकधी येत नाही. 'सँडविच बेहेताल' नावाने भाजीचं, पण आत बहुधा टूना मासा आणि अंडं असतं. साध्या मिश्र सॅलडवरही टूना येतो. मसूर शिजतो तो चोरिसो सॉसेजसोबत, फरसबीवर हामोनचे तुकडे असतात आणि भाजीच्या पाएयाचा भातही कधी कोंबडीच्या किंवा माशाच्या पाण्यात शिजवलेला असतो. म्हणून पूर्ण वाक्य पाठ करा: 'नो कोमो कार्ने, नी पेस्कादो, नी हामोन', म्हणजे मी मांस, मासा, हामोन यातलं काहीच खात नाही. अंडं चालत नसेल तर 'नी वेवो' जोडा, कारण बटाट्याची तोर्तिया म्हणजे अंड्याचंच ऑम्लेट. निर्धास्तपणे खाण्यासारखंही पुष्कळ आहे. गार गास्पाचो, म्हणजे कच्च्या टोमॅटोचं थंड सूप, भाजलेल्या वांगी-मिरचीचं कातालान एस्कालिवादा, तळलेल्या पाद्रोन मिरच्या, आणि सेवियाचे पालक-छोले. ते छोले जिऱ्याच्या वासाने घरची आठवण करून देतात.

जेवण झाल्यावर बिल आलं नाही म्हणून वेटरवर चिडू नका. टेबलावर बसून गप्पा मारायच्या वेळेला इथे 'सोब्रेमेसा' म्हणतात, आणि न मागता बिल आणून ठेवणं म्हणजे पाहुण्याला उठवणं. 'ला क्वेन्ता, पोर फावोर' म्हणा, लगेच येतं. टिप ऐच्छिक आहे.

ग्रानादात पेय मागवलं की सोबत एक तापा, म्हणजे खाण्याची छोटी बशी, फुकट मिळतो, तेव्हा आधीच भरपेट ऑर्डर देऊ नका. बार्सिलोनात तशी अपेक्षा ठेवू नका.

मधुमेह किंवा पित्ताची औषधं घेणाऱ्यांनी निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून इथल्या वेळांप्रमाणे गोळ्यांचं वेळापत्रक करून घ्यावं. आम्ही दुसऱ्या दिवसापासून बाबांसाठी पिशवीत दाणे आणि फळं ठेवायला लागलो. अडीचला मुख्य जेवण, सहाला एखादी तोस्तादा, म्हणजे भाजका पाव, आणि रात्री घरीच मुगाची खिचडी, असं त्यांचं छान बसलं. ऑगस्टमध्ये येणार असाल तर गल्लीतली ठिकाणं सुट्टीसाठी आठवडेच्या आठवडे बंद असतात. रविवारी रात्री आणि सोमवारीही बरीच बंद असतात, तेव्हा त्या दिवसांचा शिधा शनिवारीच आणून ठेवा.