आधी चित्र वाचू द्या : तीन ते सहा वर्षांच्या मुलांसोबत घरी चित्रपुस्तक वापरताना

साडेतीन वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन आपण पुस्तकातले वाक्य वाचून संपवतो, पान उलटतो आणि त्याच क्षणी मूल ते पान परत मागे नेते, कारण चित्रातले टेबलाखाली दडलेले मांजर त्याचे अजून पाहून झालेले नसते. अशा वेळी बहुतेक पालक ‘अरे, पुढची गंमत तर बघ’ असे म्हणत पान पुन्हा पुढे उलटतात. खेळगटात शिकवताना सुरुवातीची काही वर्षे मीही तेच करत असे. मोठ्यांनी मजकूर वाचायचा आणि मुलांनी ऐकायचा, अशी माझी समजूत होती. या वयाचे मूल मात्र चित्र वाचत असते आणि त्याने काय वाचले हे ऐकणे आपले काम असते. घरी चित्रपुस्तक वापरताना ही अदलाबदल मान्य केली, की पुढच्या बऱ्याच गोष्टी सोप्या होतात.

पुस्तक निवडताना मजकुरावर तळहात ठेवून नुसते चित्र पाहावे. त्या चित्रावर आपल्याला चार वाक्ये बोलता आली, तर पुस्तक घेण्याजोगे आहे. एका पानावर एक चेंडू आणि खाली ‘चेंडू’ हा शब्द, अशी जाड पुठ्ठ्याची पुस्तके दोन वर्षांच्या मुलाला पुरतात. तिसऱ्या वर्षानंतर मात्र कोणी तरी काही तरी करत आहे, कोणाचे काही हरवले आहे, कोणी रुसले आहे, अशी चित्रे लागतात. पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत ‘लहान मुलांचे पुस्तक द्या’ असे म्हटले, तर अंकलिपी आणि गिरवण्याच्या वह्या पुढ्यात येण्याचा संभव अधिक, म्हणून ‘गोष्टीचे चित्रपुस्तक’ असे स्पष्ट मागावे. ज्योत्स्ना प्रकाशन आणि नॅशनल बुक ट्रस्ट यांची मराठी चित्रपुस्तके पाहण्यासारखी आहेत. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या २०१५ मध्ये सुरू झालेल्या संकेतस्थळावर मराठी चित्रकथा विनामूल्य वाचता येतात आणि मुक्त परवान्यामुळे त्या छापूनही घेता येतात. मूल बोट ठेवील आणि मागे-पुढे उलटील अशी कागदाची पाने मला मोबाइलच्या पडद्यापेक्षा केव्हाही बरी वाटतात. एका वेळी घरात पाच-सहा पुस्तके हाताशी असली तरी पुरे.

मुलाला दाखवण्यापूर्वी पुस्तक आपण एकट्याने एकदा पाहून घ्यावे. कोपऱ्यातली मुंगी आपल्याला ठाऊक नसेल, तर मुलाने ती दाखवल्यावर आपण गोंधळतो. वाचायला बसताना दूरचित्रवाणी बंद असावी आणि पुस्तक मुलाच्या हातात असावे. पाने त्यालाच उलटू द्यावीत, दोन पाने एकदम उलटली तरी हरकत नाही. मूल तीन मिनिटांत उठून गेले, तर त्याला ओढून परत बसवू नये.

आता प्रत्यक्ष बोलणे कसे करावे, हे जरा सविस्तर सांगते. या रीतीला संवादी वाचन म्हणतात. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन-अडीच वर्षांच्या आसपासच्या मुलांच्या पालकांना महिनाभर असे वाचायला शिकवले होते, आणि नेहमीप्रमाणेच वाचून दाखवल्या गेलेल्या मुलांपेक्षा या मुलांचे बोलणे पुढे गेलेले आढळले. रीत अशी की, आधी मुलाला काही विचारायचे, त्याचे उत्तर स्वीकारायचे, त्यात एखाद-दुसऱ्या शब्दाची भर घालायची आणि ती भर त्याच्या तोंडून पुन्हा येईल अशी संधी द्यायची. समजा, पानावर मंडईचे चित्र आहे. ‘इथे काय काय दिसतंय रे?’ असे आजीने विचारल्यावर नातू ‘भाजी’ एवढेच म्हणतो. ‘हो, भाजी. ही लांब, सापासारखी वाकडी भाजी म्हणजे पडवळ’, असे आजीने म्हणावे आणि थोडे थांबून ‘आणखी कुठे आहे का रे पडवळ?’ असे विचारावे. ‘त्या मावशींच्या टोपलीत वाकडं पडवळ!’ असे उत्तर आले, की एका शब्दाचे वाक्य झालेले असते. मूल पडवळाला साप म्हणाले, तरी ‘चूक’ म्हणू नये. ‘सापासारखं दिसतं खरं’ असे म्हणून पुढे जावे.

या साऱ्यात सर्वांत अवघड असते ते थांबणे. प्रश्न विचारल्यावर मनात सावकाश पाच आकडे मोजावेत, कारण मुलाला शब्द शोधायला वेळ लागतो आणि आपण घाईने उत्तर देऊन टाकतो. ‘हे काय? रंग कोणता? किती आहेत?’ अशी सरबत्ती झाली, की गोष्टीची तोंडी परीक्षा होते आणि मूल पुस्तक मिटून टाकते. एका पानावर दोन प्रश्न पुरेत, आणि त्यांतला एक तरी ‘ती का रडते आहे असं तुला वाटतं?’ अशा जातीचा असावा, म्हणजे ज्याचे ठरावीक उत्तर आपल्याकडेही नसते. मोजणे, रंग, खाली-वर, मागे-पलीकडे हे सारे गोष्टीच्या ओघात आपोआप येते. त्यासाठी वेगळा पाठ घेण्याची गरज नाही.

पुण्यातल्या पुष्कळ घरांत मूल इंग्रजी माध्यमाच्या शिशुगटात जात असते आणि पुस्तकेही इंग्रजी येतात. इंग्रजी पुस्तकाचे चित्र मराठीतून सांगावे, यात काहीही बिघडत नाही. नागपूरकडची आजी कोथिंबिरीला सांबार म्हणत असेल, तर तिला तसेच म्हणू द्यावे; एका वस्तूला दोन नावे असू शकतात, हे मुलाला चित्रावर बोट ठेवून फार सहज कळते. मग रविवारी मंडईत जाऊन पडवळ, घोसाळे, चाकवत हाताळून पाहावे, घरी परतल्यावर तेच पान पुन्हा उघडावे आणि मूल आता किती जास्त बोलते ते पाहावे.

अक्षरांची घाई नातेवाइकांना अधिक असते. ‘अजून लिहीत नाही का?’ हा प्रश्न विचारणाऱ्यांना सांगायला एक आधार आहे : २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तीन ते आठ वर्षांच्या पायाभूत टप्प्यात खेळातून आणि कृतीतून शिकण्यावर भर आहे. गोष्ट ऐकताना मुले कुठे पाहतात हे डोळ्यांच्या हालचाली टिपून तपासले, तेव्हा त्यांची नजर जवळजवळ सर्व वेळ चित्रावर असते आणि मजकुराकडे क्वचितच जाते, असे दिसले आहे. म्हणून अक्षरांकडे लक्ष वेधायचे ते आपणच, आणि तेही थोडे. मुखपृष्ठावरच्या नावाखालून बोट फिरवावे; मुलाच्या नावातले पहिले अक्षर कुठे दिसते ते शोधायला सांगावे. मराठीतल्या काही गमती चार-पाच वर्षांच्या मुलांना फार आवडतात. ‘चमचा’ आणि ‘चिमणी’ यांतला च दिसतो एकच, पण म्हणताना वेगळा ऐकू येतो. मराठी शब्द ण ने सुरू होत नाही, म्हणून तक्त्यात बिचारा ण बाणाच्या शेपटाला बसतो. ‘किल्ला’ म्हणताना आधी क ऐकू येतो, पण कागदावर पहिली वेलांटी त्याच्याही आधी उभी असते; हे मुलाने स्वतः विचारले, तरच सांगावे.

एकच पुस्तक पंधरा दिवस रोज मागितले जाईल, याची तयारी ठेवावी. आपल्याला कंटाळा येतो, मुलाला येत नाही, कारण पुढे काय होणार हे आधीच ठाऊक असण्याचा आनंद ते घेत असते. पुस्तक पाठ झाल्यावर एखादा शब्द मुद्दाम चुकीचा वाचावा, मूल ताबडतोब दुरुस्त करते. त्यानंतर पुस्तक त्याच्या हाती देऊन आपण श्रोता व्हावे आणि त्याने गोष्ट बदलली, तरी बदलू द्यावी. पाने फाटतात, ती चिकटपट्टीने मुलासमक्ष जोडावीत. पुस्तके त्याच्या हाताला येतील एवढ्या उंचीवर, मुखपृष्ठे समोर ठेवून मांडावीत.

शेवटचा प्रयोग घरी पुस्तक करण्याचा. जाड कागदाची आठ-दहा पाने मधोमध दोऱ्याने शिवावीत, त्यांवर मुलाची स्वतःची चित्रे किंवा घरातली, गल्लीतली छायाचित्रे चिकटवावीत आणि प्रत्येक चित्राखाली मूल जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहावे. ‘मी सारसबागेत पडलो आणि थोडंसंच रडलो’ हे वाक्य ‘मी बागेत गेलो’ असे नीटनेटके करू नये, कारण मूल उद्या तेच वाक्य शोधणार असते. शेवटची दोन-तीन पाने कोरी ठेवावीत, पुस्तक शिवून झाल्यावरही त्याला आणखी काही सांगायचे असते.