सन फायर टी२०००: सीरियल कन्सोलवरून लिनक्स कसं टाकायचं

सन मायक्रोसिस्टिम्सचा टी२००० हा २००५ सालचा सर्व्हर. त्यात अल्ट्रास्पार्क टी१ प्रोसेसर आहे, जास्तीत जास्त ८ कोअर आणि ३२ थ्रेडचा. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, त्याचा आधार २००६ च्या २.६.१७ आवृत्तीपासून आहे. या यंत्राला मॉनिटर जोडायची सोय नाही, सगळं सीरियल केबलवरूनच करायचं. त्याच एका केबलवर आळीपाळीने वेगवेगळे प्रोग्राम बोलतात. समोर कोण बोलतंय हे ओळखता आलं की अर्धं काम झालं.

मागच्या बाजूचं ‘एसईआर एमजीटी’ लिहिलेलं पोर्ट शोधा. ते नेटवर्कच्या पोर्टसारखंच दिसतं. शेजारी ९ पिनांचं पोर्टही आहे, पण कन्सोल, म्हणजे यंत्राशी बोलायची जागा, तिथे नसतो. सिस्कोच्या राउटरची निळी, चपटी कन्सोल केबल इथे चालते. लॅपटॉपच्या बाजूला यूएसबी-सीरियल अडॅप्टर आरएस-२३२ चाच हवा. छोट्या बोर्डांसाठी मिळणारा ३.३ व्होल्टचा अडॅप्टर इथे कधीही लावू नका, तो जळू शकतो.

लॅपटॉपवर ‘स्क्रीन’ किंवा ‘मिनिकॉम’ हा सीरियलवर बोलणारा प्रोग्राम उघडा: वेग ९६००, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट, फ्लो कंट्रोल बंद. लॉग, म्हणजे आलेला सगळा मजकूर फाइलमध्ये साठवणं, पहिल्यापासून चालू ठेवा. वर सरकून गेलेली चूक पुन्हा वाचायला दुसरा मार्ग नसतो.

वीज जोडताच, सर्व्हर बंद असतानाही, आधी अ‍ॅलॉम जागा होतो. हा देखरेखीचा स्वतंत्र छोटा संगणक. त्याचा प्रॉम्प्ट ‘एससी’. तिथे ‘पॉवरऑन’ द्या, मग ‘कन्सोल’. परत अ‍ॅलॉमकडे यायचं तर हॅश आणि लगेच टिंब दाबा. हे दोन ठोके कागदावर लिहून यंत्राला चिकटवा. स्वचाचणीला बराच वेळ लागतो. पडदा शांत दिसला म्हणून वीज तोडू नका.

जुनी प्रणाली आपोआप सुरू होऊ लागली, तर अ‍ॅलॉमकडे येऊन ‘ब्रेक’ द्या आणि पुन्हा कन्सोलवर जा. ‘ओके’ दिसलं की तुम्ही ओपनबूटशी, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या फर्मवेअरशी, बोलताय. ‘ऑटो-बूट?’ ही सेटिंग ‘सेटएन्व्ह’ने ‘फॉल्स’ करा. प्रश्नचिन्ह नावाचाच भाग आहे, ते गाळू नका. मग डेबियन या लिनक्सच्या स्पार्क६४ साठीच्या आवृत्तीची डिस्क घालून ‘बूट सीडीरॉम’.

ड्राइव्ह बिघडलेला असेल तर नेटवर्कवरून ‘बूट नेट’. त्यासाठी दुसऱ्या संगणकावर आरएआरपी (यंत्राला आयपी पत्ता सांगणारा) आणि टीएफटीपी (फाइल देणारा) सर्व्हर लागतात. टीएफटीपीवरच्या फाइलचं नाव म्हणजे टी२००० चा आयपी पत्ता, हेक्साडेसिमल पद्धतीत (० ते ९ आणि ए ते एफ), मोठ्या अक्षरांत: १९२.१६८.१.१० साठी सी०ए८०१०ए. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं.

विभागणी करताना डिस्कला सन लेबल (सनच्या पद्धतीचा विभागांचा तक्ता) द्या. जीपीटी हा दुसरा प्रकार ओपनबूटला कळत नाही. लेबल पहिल्याच सेक्टरमध्ये असतं, म्हणून स्वॅप (मेमरी अपुरी पडली तर वापरायचा विभाग) डिस्कच्या अगदी सुरुवातीला ठेवू नका, नाहीतर लेबल पुसलं जाईल.

कर्नल सुरू होताना अक्षरं थांबली, तर बूटच्या ओळीत कन्सोल म्हणून टीटीवायएचव्ही० लिहा. टी२००० चा कन्सोल हायपरवायझरमधून, म्हणजे हार्डवेअर आणि लिनक्स यांच्यामधल्या थरातून, येतो, म्हणून इतर यंत्रांवरचं टीटीवायएस० इथे उपयोगाचं नाही. लॉगिन दिसलं की ओपनबूटमध्ये बूट-डिव्हाइस ‘डिस्क’ आणि ‘ऑटो-बूट?’ पुन्हा ‘ट्रू’ करून घ्या.