कार्टिंगमध्ये उतरण्याआधी: एका पुणेकराचे तीन सीझन

दर मे महिन्यात मला दोन-तीन पालकांचे फोन येतात. मुलगा किंवा मुलगी नऊ-दहा वर्षांची. सुट्टीत कुठल्यातरी भाड्याच्या गो-कार्टच्या (छोट्या, बिनछताच्या गाड्यांच्या) ट्रॅकवर दहा मिनिटांत बाबांना दोनदा मागे टाकलेलं असतं, आणि आता घरात एकच विषय. "पुढे काय करायचं?" मी स्वतः पंधराव्या वर्षी कार्टिंगमध्ये आलो, म्हणजे या खेळाच्या हिशेबाने म्हातारपणीच. तीन सीझन केले, चॅम्पियन एकदाही झालो नाही. आज चाकणला गाड्यांच्या सस्पेन्शनवर काम करतो. कार्टला सस्पेन्शनच नसतं, त्यामुळे आमच्या घरात हा विनोद अजून पुरतोय.

भाड्याची कार्ट जड असते, चारी बाजूंनी बंपर असतात, इंजिन मवाळ असतं. रेसिंग कार्ट वेगळाच प्राणी आहे. सीनियर गटात १२५ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, ताकद तीसएक हॉर्सपॉवर, आणि चालकासकट सगळं वजन १६० किलोच्या आसपास. ब्रेक फक्त मागच्या चाकांना, तोही डाव्या पायाने. पहिल्या दिवशी बरगड्या एवढ्या ठेचल्या, की रात्री कुशीवर झोपता आलं नाही. तेव्हा हेल्मेटनंतरची पहिली खरेदी बरगड्यांच्या संरक्षक पट्ट्याची करा. चकचकीत सूट थांबू शकतो.

आता शर्यतींच्या ज्या मालिकांबद्दल सगळे विचारतात त्यांच्याकडे येतो. रोटॅक्स ही ऑस्ट्रियाची इंजिन कंपनी. तिची 'मॅक्स चॅलेंज' जगभर चालते, आणि २००० सालापासून जवळजवळ दरवर्षी देशोदेशीचे विजेते ग्रँड फायनल्सला जमतात. आपल्याकडे ती राष्ट्रीय पातळीवर मेको मोटरस्पोर्ट्सने रुजवली. शिवाय इटलीच्या आयामे कंपनीच्या एक्स-३० मालिका आहेत, व्होर्टेक्स इंजिनांचा रॉक कप आहे. तत्त्व साधारण एकच: सगळ्यांना एका जातीचं इंजिन, ठरलेले टायर. रोटॅक्समध्ये तर इंजिनाला सील असतं. ते फक्त अधिकृत केंद्रातच उघडायचं. सील तुटलेलं सापडलं की निकाल रद्द. ग्रँड फायनल्सला तर कार्टसुद्धा चिठ्ठी काढून मिळते, घरून कुणी काही जादू करून आणू शकत नाही.

कंपन्या हे समाजसेवा म्हणून करत नाहीत. इंजिन, टायर, सुटे भाग विकले जातात. एवढं डोक्यात ठेवलं, तर पुढे कुणावर रुसायची वेळ येत नाही.

माझ्यासाठी त्या सीलचा अर्थ पहिल्या सीझनच्या मध्यावर उघडला. आम्ही सरावाला कोल्हापूरच्या मोहिते रेसिंग अकॅडमीच्या ट्रॅकवर जायचो. पहाटे तीनला टेम्पो, खंबाटकीत चहा, आठला ट्रॅकवर. महिनाभर मी एकच रड लावली होती: माझं इंजिन वळणानंतर ओढत नाही. आमचा मेकॅनिक कोल्हापूरचाच. तो एक दिवस वैतागला आणि माझ्याच गटातल्या एका मुलाला माझ्या कार्टमध्ये बसवलं, मला त्याच्या. तो माझ्या कार्टमध्ये माझ्यापेक्षा सात दशांश सेकंद जलद गेला. मी त्याच्या कार्टमध्ये जिथल्या तिथे. मेकॅनिक घड्याळ दाखवत म्हणाला, "काय लेका, इंजिनानं काय पाप केलंय तुझं? वळताना झोपतोस व्हय?"

झोपत होतो, हे खरं होतं. कार्टला डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) नसतं, मागची दोन्ही चाकं एकाच अखंड अ‍ॅक्सलवर फिरतात. वळणात बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, आतल्याला कमी. म्हणून आतलं मागचं चाक क्षणभर जमिनीवरून उचललं जावं लागतं. हे उचलणं पुढच्या चाकांच्या भूमितीतून, चौकटीच्या लवचीकपणातून आणि चालकाने स्टीअरिंगला दिलेल्या पहिल्या झटक्यातून होतं. मी घाबरत हळूहळू स्टीअरिंग वळवायचो. चाक उचलायचंच नाही, दोन्ही चाकं रस्त्याला घासत राहायची आणि इंजिन दमायचं. मला वाटायचं ते ओढत नाही. महागडं, सील नसलेलं मोकळं इंजिन असतं तर बाबांनी आणखी एक विकत घेतलं असतं आणि मी आणखी वर्षभर झोपलो असतो.

त्या दिवसापासून वही सुरू केली. हवामान, टायरमधली हवा, कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोल किती जावं ते ठरवणारं बारीक छिद्र), मागचा स्प्रॉकेट (साखळीचं दातेरी चाक), आणि कोणत्या वळणाला काय वाटलं. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा, आणि मुलं नेमका तोच रिकामा ठेवतात. जेटचं उदाहरण देतो. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, बंगळुरू ९२० च्या आसपास, चेन्नई जवळजवळ समुद्रावरच. उंचावर हवा विरळ, म्हणून पेट्रोलही कमी लागतं, जेट लहान लावायचा. चेन्नईला तोच लहान जेट ठेवलात तर मिश्रण कोरडं पडून पिस्टन चिकटेल. स्पार्क प्लग काढून पाहायचा: चहाच्या रंगाचा असेल तर ठीक, पांढरट असेल तर लगेच थांबायचं.

दुसऱ्या सीझनमध्ये एकदा तिसरा आलो आणि वजनकाट्यावर सहाशे ग्रॅम कमी भरलो. गाडी आणि चालक मिळून किमान वजन ठरलेलं असतं, कमी पडलं तर सीटला शिशाच्या पट्ट्या बोल्ट करतात. मी सकाळी काठावर वजन जुळवलं, उन्हात दिवसभर घाम गाळला, पाणी प्यायलो नाही. निकाल रद्द. आई गाडीत एवढंच म्हणाली, "दोन पोळ्या जास्त खाल्ल्या असत्यास तर." तेव्हापासून मी किलोभर जादाच ठेवायचो.

पुढची शिडी कशी असते? होंडाची सुझुका इथली रेसिंग स्कूल पाहा. युकी त्सुनोदा तिथूनच फॉर्म्युला वनपर्यंत गेला. ताकुमा सातो तर तिथे येण्याआधी सायकलपटू होता, आणि पुढे त्याने २०१७ आणि २०२० मध्ये अमेरिकेतली इंडियानापोलिस ५०० शर्यत जिंकली. (सायकलींच्या या जुन्या शहरातल्या उशिरा आलेल्या पोरांना मी हे मुद्दाम सांगतो.) युरोपात समान कार्टच्या अकॅडमी ट्रॉफीचा २०११ चा विजेता होता शार्ल लक्लेर, जो पुढे फॉर्म्युला वनमध्ये गेला. आपल्याकडे त्याच वर्षी तेव्हाच्या फोर्स इंडिया या फॉर्म्युला वन संघाने देशभर मुलं शोधली. निवडलेल्या तिघांत अर्जुन मैनी, तरुण रेड्डी आणि जेहान दारूवाला होते. जेहानने २०२० मध्ये फॉर्म्युला टूची, म्हणजे फॉर्म्युला वनच्या एक पायरी खालची शर्यत जिंकली. कार्टिंगनंतर अनेकांची पायरी म्हणजे कोइंबतूरच्या कारी ट्रॅकवरची एलजीबी फॉर्म्युला फोर, म्हणजे बिनछताच्या एकआसनी गाड्यांची मालिका. चाकणला कारखाना असलेल्या फोक्सवॅगननेही २०१० मध्ये पोलो कप सुरू करून छताच्या गाड्यांची एक वाट उघडली होती.

माझी वाट मात्र एका वेगळ्या निवड चाचणीत अडली. एका कंपनीने विजेत्यांना पुढच्या सीझनची सीट जाहीर केली. मी यादीत होतो. डिसेंबरात कळलं, बजेट दुसरीकडे वळलं. कागदावर काहीच नव्हतं, फक्त फोटो होते आणि हार होता. त्यामुळे पालकांनो, हात मिळवण्याआधी लेखी विचारा: किती शर्यती, टायर कुणाचे, प्रवास कुणाचा, आणि कार्ट ठोकली तर बिल कुणाच्या नावावर. शेवटचा प्रश्न विचारला की समोरचे चेहरे बदलतात. तेवढ्यावरूनही बरंच कळतं.

बाकी गोष्टी सोप्या आहेत. एफएमएससीआयचं (देशातल्या मोटर शर्यतींच्या संघटनेचं) लायसन्स, डॉक्टरचा दाखला, मान आणि हातांचा व्यायाम. सिंहगड चढणं दमासाठी चांगलं, पण मानेसाठी त्याचा उपयोग नाही, त्यासाठी वेगळा वेळ द्या. दहावीच्या वर्षी शर्यती निम्म्या करा, शाळेशी भांडत बसू नका. आणि खर्च झेपत नसेल तर मार्शल (ट्रॅकच्या कडेला झेंडे दाखवणारा कार्यकर्ता) म्हणून ट्रॅकवर उभे राहा. कुठल्या वळणाला कोण चुकतं हे मला सर्वांत जास्त तिथेच कळलं. मला नोकरी मिळाली तीही कपांमुळे नव्हे. मुलाखतीत मी ती वही टेबलावर ठेवली आणि पुढचा तासभर आम्ही फक्त अ‍ॅक्सलवर बोललो.

गेल्या महिन्यात कोथरूडची एक दहा वर्षांची मुलगी पहिल्यांदा रेसिंग कार्टमध्ये बसली. पाच फेऱ्या करून आत आली, हेल्मेट काढलं, केस कपाळाला चिकटलेले. म्हणाली, "काका, हे इंजिन वळणानंतर जरा कमीच ओढतंय ना?"

मी तिच्यापुढे कोरी वही आणि पेन ठेवलं.