स्कॉटलंडच्या खेड्यात लोकसंगीत ऐकायला जाताना

स्कॉटलंडमधील एखाद्या खेड्यात दुकानाच्या काचेवर किंवा सभागृहाच्या दारावर ‘आज रात्री पारंपरिक संगीत’ असा कागद चिकटवलेला दिसला, तरी नेमके काय ऐकायला मिळणार हे त्यावरून कळत नाही. ते आधी विचारून घ्यावे आणि मगच निघावे. त्या कागदाचे तीन अर्थ संभवतात. पहिला म्हणजे ‘सेशन’: पबमधील एका टेबलाभोवती वादक जमतात आणि मुख्यतः एकमेकांसाठी वाजवतात, तिथे मंच नसतो, तिकीट नसते आणि कार्यक्रमपत्रिकाही नसते. दुसरा म्हणजे गावच्या सभागृहातील तिकीट लावलेली मैफल. तिसरा ‘केली’. गेलिक या स्कॉटलंडच्या जुन्या भाषेतील या शब्दाचा मूळ अर्थ शेजाऱ्याकडे जाऊन बसणे असा असून त्या बसण्यातच गाणी, गोष्टी आणि वादन होत असे. आज मात्र बहुतेक ठिकाणी केली म्हणजे समूहनृत्याची रात्र, आणि नुसते ऐकायला आलेल्यालाही कोणी ना कोणी हात धरून उठवतेच. तेव्हा केलीला न घसरणारे सपाट बूट घालून जावे. पावले बहुधा नृत्य सुरू होण्यापूर्वी सांगितली जातात. मैफलीतही फारसे चुकण्यासारखे काही नसते. नवख्या श्रोत्याची खरी पंचाईत सेशनमध्ये होते, म्हणून या लेखातील बराचसा भाग त्याविषयीच आहे.

जाण्यापूर्वी चार-पाच दिवस थोडे ऐकून कान तयार करावेत. एडिंबरा विद्यापीठात १९५१ मध्ये स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीज ही संस्था स्थापन झाली आणि तिच्या संशोधकांनी, ज्यांत हॅमिश हेंडरसन हे नाव सर्वांत ठळक आहे, गावोगाव फिरून शेतमजुरांची, कोळ्यांची आणि भटक्या कुटुंबांची गाणी त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित केली. यांतील मोठा साठा ‘टोबर अन दुअलखिश’, म्हणजे वारशाची विहीर, या संकेतस्थळावर विनामूल्य ऐकता येतो. तेथील आवाज कच्चे वाटतील, मध्येच खोकला किंवा भांड्यांचा आवाज येईल. पण रंगमंचासाठी घोटून सजवलेल्या वादनापेक्षा खेड्यातील खोलीत जे कानावर पडते त्याच्या हे मुद्रण अधिक जवळचे आहे.

आता ऐकायचे काय. या संगीताचा घटक म्हणजे एक चाल. बहुतेक चालींचे दोन भाग असतात, प्रत्येक भाग आठ मात्राखंडांचा असतो आणि तो दोनदा वाजतो, म्हणजे एकूण बत्तीस खंड. ती पूर्ण चाल दोन किंवा तीन वेळा वाजवून वादक मध्ये क्षणभरही न थांबता दुसऱ्या चालीत शिरतात, आणि अशा दोन-तीन चालींचा एक ‘सेट’ होतो. चालींचे प्रकार ठेक्यावरून ओळखावेत. जिगमध्ये तीन-तीनचे दोन गट असतात. ज्याच्या कानात दादरा मुरलेला आहे त्याला हा विभाग ओळखीचा वाटेल, मात्र जिगची लय बरीच जलद असते. रीलमध्ये चार-चारच्या गटांतील सरळ, वेगवान स्वरांची एकसारखी धार लागते. स्ट्रॅथस्पे हा स्पे नदीच्या खोऱ्याच्या नावाने ओळखला जाणारा प्रकार रीलपेक्षा संथ असतो आणि त्यात आखूड स्वरावर आघात होऊन लगेच लांब स्वर येतो. हा झटका एकदा कानात बसला की स्कॉटलंडची चाल आयर्लंडच्या चालीपासून वेगळी काढणे पुष्कळ सोपे जाते. यांखेरीज मार्च, हॉर्नपाइप, वॉल्ट्झ आणि ठेक्याविना वाजणाऱ्या संथ, करुण चाली असतात. अनेक चाली पाचच स्वरांत बांधलेल्या असल्यामुळे मराठी श्रोत्याला मधूनच भूप ऐकल्याचा भास होतो. तो भास पूर्णपणे खोटा नाही, पण पुढच्या स्वरवाक्यात रागाची अपेक्षा ठेवली तर निराशा होईल.

पारंपरिक म्हणजे अनामिक, अशी समजूत करून घेऊ नये. डंकेल्डजवळच्या इन्व्हर येथे राहणारा नील गॉ (१७२७–१८०७) आणि बँकरी येथे जन्मलेला जेम्स स्कॉट स्किनर (१८४३–१९२७) या दोन फिडलवादकांच्या (फिडल म्हणजे व्हायोलिनच) चाली आजही वाजतात, आणि त्याच सेटमध्ये गेल्या दहा वर्षांत रचलेली चालही सहज बसून जाते. चाल आवडली तर सेट संपल्यावर तिचे नाव विचारावे. वादकाला ते कधी कधी आठवत नाही, मग टेबलाभोवती दोन-तीन नावांवर वाद होतो, आणि तो वादही ऐकण्यासारखा असतो.

चाल बदलण्याचा क्षण हेरणे ही या ऐकण्यातील सर्वांत मोठी गंमत आहे, आणि त्यासाठी कानाइतकेच डोळेही उघडे ठेवावे लागतात. सेट सुरू करणाऱ्याकडे पाहावे. चाल तिसऱ्यांदा संपत आली की फिडलवाली स्त्री हनुवटी वाद्यावरून न उचलता फक्त भुवया वर करते, अ‍ॅकॉर्डियनवाला तिच्याकडे मान वळवतो, कोणीतरी ‘हप’ म्हणते. गिटारवाल्याची बोटे पुढचा षड्ज कुठे पडणार याचा अंदाज येईपर्यंत पट्टीवर नुसतीच तरंगत राहतात, आणि डीवरून ए स्वरावर उडी पडताच सगळी खोली बोटभर वर उचलल्यासारखी वाटते. समेवर दाद देण्याची सवय असलेल्या आपल्यासारख्यांचा हात इथे हमखास उठतो. तो आवरावा आणि टाळ्या सेट संपल्यावर वाजवाव्यात. बदलाच्या क्षणी एखादी आरोळी उठली तर ती मात्र रीतीला धरूनच असते.

बसण्याची जागा जपून निवडावी. वादकांच्या टेबलाजवळची रिकामी खुर्ची रिकामी असतेच असे नाही. पहिल्या वेळी मी शेकोटीजवळच्या अशाच एका खुर्चीत आनंदाने बसलो. कोणी काही बोलले नाही, पण अर्ध्या तासाने माझ्या लक्षात आले की खांद्याला अ‍ॅकॉर्डियन लावून बारपाशी उभे असलेले वृद्ध गृहस्थ तिथे हौसेने उभे नव्हते. भिंतीकडची, वादकांचे हात दिसतील अशी दुसऱ्या रांगेची जागा उत्तम.

बॅगपाइप ऐकायला मिळेल या आशेने जाणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मोठा हायलंड पाइप हे मोकळ्या मैदानाचे वाद्य आहे. बंद खोलीत त्याच्यापुढे दुसरे काही ऐकूच येत नाही. त्यामुळे सेशनमध्ये बहुधा स्मॉलपाइप्स दिसतात. वादक एका कोपराखाली लहानसा भाता दाबून दुसऱ्या बगलेतील पिशवीत हवा भरतो, तोंडाने फुंकत नाही. आरंभी तो सुरांच्या नळ्या किंचित पुढे-मागे सरकवून आधारस्वर जुळवतो, तेव्हा दोन जवळच्या स्वरांमधील कंप हळूहळू मंदावत नाहीसा होताना स्पष्ट ऐकू येतो. तंबोरा लागताना ऐकला असेल तर हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पाइपला मुख्य नळीवर नऊच स्वर असतात, आवाज लहान-मोठा करता येत नाही आणि दोन स्वरांमध्ये थांबताही येत नाही. म्हणून तोच स्वर पुन्हा वाजवायचा झाल्यास मध्ये निसटता कणस्वर टाकावाच लागतो. त्या वादनातील दाट अलंकरण नुसत्या हौसेपोटी आलेले नाही, याचे कारण हे आहे.

वादन चालू असताना पबमध्ये लोक बोलतात, हसतात, पेले वाजतात, आणि त्यात कोणाला अपमान वाटत नाही. गाणे सुरू झाले की नियम बदलतो: कोणीतरी ‘व्हीश्ट’ म्हणते आणि बारवरचे बोलणेही थांबते. गाणे स्कॉट्स भाषेत असेल किंवा गेलिकमध्ये. ईशान्येकडे शेतगड्यांच्या जीवनावरची पल्लेदार गाणी, तर पश्चिमेच्या बेटांवर विणलेले लोकरी कापड ठोकताना स्त्रिया म्हणत ती श्रमगीते, ज्यांत एकीने ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी ‘हो रो’सारख्या निरर्थक अक्षरांचे ध्रुवपद उचलायचे. शब्द कळले नाहीत तरी ध्रुवपदात हलक्या आवाजात सामील व्हावे. तिथे गप्प राहणे म्हणजे सभ्यपणा नव्हे.

वाद्य घेऊन जायचे असेल तर पहिल्या संध्याकाळी ते पेटीतच ठेवावे आणि कोणी विचारल्यावर बाहेर काढावे. फिडल कितीही चालतात. दोन गिटारवादकांचे स्वरमेळ मात्र एकमेकांना छेदतात आणि डफासारखा आयरिश बाउरान खोलीत एक असला की पुरतो. ध्वनिमुद्रण करायचे झाल्यास वादकांना विचारावे आणि फोनचा दिवा बंद ठेवावा.

सभागृहातील मैफलीला जाताना सुटे पैसे बाळगावेत. मध्यंतरात चहा, घरी भाजलेले केक आणि रॅफलची, म्हणजे बक्षिसांच्या सोडतीची, तिकिटे असतात, आणि त्या रॅफलवरच पुष्कळदा छताची दुरुस्ती अवलंबून असते. अनेक सभागृहांत बार नसतो, पेयाची बाटली आपणच न्यायची असते. ती चालते का हे तिकीट घेतानाच विचारावे. शेवटचे वादन झाले की खुर्च्या रचून ठेवण्याचे काम गावकरी आपणहून सुरू करतात. त्यात दोन हात लावले तर मघाशी वाजवणाऱ्यांशी बोलण्याची उत्तम संधी मिळते.

परतीची सोय निघण्यापूर्वीच करावी, कारण संगीत संपते तेव्हा शेवटची बस केव्हाच गेलेली असते. गाडी चालवणाऱ्याने मद्य घेऊच नये: ५ डिसेंबर २०१४ पासून स्कॉटलंडमधील मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम इतकी खाली आणली आहे, आणि इंग्लंडच्या ८० च्या हिशेबाने चालणारे पाहुणे इथे फसतात. एकपदरी रस्त्यावर समोरून दिवे दिसले की डावीकडच्या थांब्यात, म्हणजे वाट देण्यासाठी रस्ता रुंद केलेल्या जागेत, शिरावे. थांबा उजवीकडे असेल तर आपल्या बाजूलाच, त्याच्या समोर उभे राहून समोरच्याला त्यात येऊ द्यावे. हायलंडमध्ये रात्री लाल हरणे रस्त्यावर उतरतात, आणि एक ओलांडून गेले की मागून दुसरे येण्याची शक्यता बरीच असते, तेव्हा लगेच वेग वाढवू नये.